थ्री-बी जीपचे मॅन्युअल मराठीत उतरवताना

माझ्या सासऱ्यांची महिंद्रा सीजे-३बी जीप चौदा वर्षे कऱ्हाडजवळच्या त्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सासरे गेल्यावर ती विकून टाकावी असे घरातल्या बहुतेकांचे मत पडले, पण तिचे बॉनेट उचलून पाहिल्यावर माझा पाय निघेना, कारण आत मूळचे पेट्रोलवर चालणारे हरिकेन इंजिन अजून तसेच होते. आपल्याकडच्या असंख्य जुन्या जीपांची मूळ इंजिने पेट्रोलच्या खर्चापायी काढून टाकली गेली आणि त्या जागी डिझेल इंजिने बसवली गेली. त्यामुळे मूळ इंजिनासह शिल्लक राहिलेली थ्री-बी आता सहजासहजी दिसत नाही. ती दुरुस्त करून पुन्हा डोंगरातल्या कच्च्या वाटांवर न्यायची असे मी ठरवले आणि गावातले जुने मिस्त्री, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांना गाडी दाखवायला घेऊन आलो.

नानांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली, डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आत पाहिले आणि म्हणाले, "सर, पेट्रोलचं इंजिन उघडून मला पंचवीस वरसं झाली. हात इसरला न्हाई, पण मापं इसरलो." त्या एका वाक्यामुळे पुढचे दीड वर्ष मी पुस्तकांच्या मागे लागलो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, मोजमापाशिवाय केलेल्या कामावर माझा विश्वास बसत नाही, आणि नानांसारखा कसलेला माणूस स्वतःहून माप मागतो आहे हे मला फार मोलाचे वाटले.

पहिले पुस्तक मिळाले ते पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी. गिअरबॉक्सची झाकणे आणि गंजलेले पाने यांच्या ढिगाखाली सुतळीने बांधलेला झेरॉक्स कागदांचा गठ्ठा होता. पहिली काही पाने नव्हती, पुढच्या एक्सलचे प्रकरण पूर्णच गायब होते आणि कडा तेलाने पिवळ्या पडल्या होत्या; पण उरलेला मजकूर थेट आमच्याच इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचा होता. इथे एक भेद सांगणे आवश्यक आहे, कारण नव्याने या छंदात पडणारे लोक त्यात हमखास गोंधळतात. गाडीबरोबर मालकाला मिळते ती पुस्तिका वेगळी. तिच्यात तेल किती घालावे, गिअर कसा टाकावा एवढेच असते. सर्व्हिस मॅन्युअल हे कारागिरासाठी असते आणि त्यात उघडण्याचा व जोडण्याचा क्रम, मापे आणि बोल्ट कसण्याचे आकडे असतात. तिसरे असते पार्ट्स कॅटलॉग, म्हणजे सुट्या भागांची यादी. अनेक जण ती केवळ खरेदीसाठी आहे असे समजून बाजूला ठेवतात, परंतु माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उघडले गेलेले पुस्तक तेच आहे. त्यातल्या आकृतीत प्रत्येक जुळणी सुटी करून, एका रेषेत ओढून काढावी तशी दाखवलेली असते, आणि कोणत्या वॉशरनंतर कोणते बेअरिंग येते हे शब्दांवाचून कळते. नानांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ती आकृती त्यांनी माझ्यापेक्षा लवकर वाचली.

गहाळ झालेल्या प्रकरणाची भर मी अमेरिकी लष्कराच्या पुस्तकांतून काढायची ठरवली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपांसाठी फेब्रुवारी १९४४ मध्ये निघालेले टीएम (म्हणजे टेक्निकल मॅन्युअल) ९-८०३ हे चालवण्याचे व देखभालीचे मॅन्युअल, इंजिनासाठीचे टीएम ९-१८०३ए आणि गिअरबॉक्स, एक्सल, बॉडी यांसाठीचे टीएम ९-१८०३बी, ही तिन्ही अमेरिकी सरकारची प्रकाशने असल्याने त्यांच्यावर तिथे स्वामित्वहक्क नाही आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती कोणालाही मिळतात. मी त्या छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतल्या. ही पुस्तके वाचताना एक गोष्ट मनाला भिडते: ती लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाला काहीही येत नाही असे गृहीत धरले आहे, पण कुठेही त्याला कमी लेखलेले नाही. नुकत्याच भरती झालेल्या, कदाचित कधी मोटार न हाताळलेल्या पोरालाही अंधारात, चिखलात हे काम करता आले पाहिजे, या काळजीने प्रत्येक वाक्य लिहिलेले आहे.

तरीही ती पुस्तके आमच्या गाडीची नव्हती, आणि हे ओळखण्यातच पहिले दोन महिने गेले. महायुद्धातल्या जीपमध्ये गो डेव्हिल नावाचे, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेले इंजिन होते. सीजे-३बी मध्ये, जी मुळात विलीज या कंपनीने १९५३ साली अमेरिकेत आणली, त्याच ब्लॉकच्या घराण्यातले पण इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असलेले हरिकेन इंजिन बसवले. हे इंजिन उंच झाल्यामुळेच थ्री-बीचे बॉनेट इतके उंच आहे. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३⅛ इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४⅜ इंच आणि क्षमता १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २,२०० सीसी. म्हणून क्रँक, पिस्टन आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ यांबाबत लष्करी पुस्तकाचा आधार घेता येतो, पण हेड आणि व्हॉल्व्ह यांच्याबाबत त्याच पुस्तकातला एकही आकडा घेऊ नये. गिअरबॉक्सही वेगळा, तिथे टी-८४, आमच्याकडे टी-९०. विजेचा आराखडा तर ६ व्होल्टचा, आणि आमची गाडी १२ व्होल्टची. मी लष्करी पुस्तकांच्या ज्या पानांचा आमच्या गाडीशी संबंध नव्हता, त्या प्रत्येक पानावर लाल पेनने तिरपी रेघ मारली. मॅन्युअल हातात आल्यावर पहिले काम मला हेच वाटते, कारण चुकीच्या गाडीचा बरोबर आकडा हा अंदाजापेक्षाही जास्त नुकसान करतो. अंदाज करताना माणूस निदान बिचकत तरी असतो.

डाव्या-उजव्याचाही प्रश्न आला. पुस्तकात डावे म्हणजे ड्रायव्हरच्या जागी पुढे तोंड करून बसल्यावर डाव्या हाताचे, हे ठीकच; पण त्या गाड्यांचे स्टेअरिंग डावीकडे आणि आपले उजवीकडे. त्यामुळे स्टेअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक आणि पेडलची जोडणी यांच्या आकृत्या आरशात पाहिल्यासारख्या वाचाव्या लागतात, तर इंजिन, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) आणि पुढचा डिफरन्शियल जसेच्या तसे राहतात. मी प्रत्येक आकृतीवर 'उलटी' किंवा 'सुलटी' असे मराठीत लिहून ठेवले.

मराठीत लिहिण्याची सुरुवात अशी झाली आणि मग ती वहीत उतरली. रोज संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर मी पुढच्या कामाचे प्रकरण वाचायचो, दोनशे पानी वहीत त्याचा मराठी मजकूर लिहायचो आणि रविवारी शेडमध्ये तो नानांना वाचून दाखवायचो. सुरुवातीला मी पुस्तकी प्रतिशब्द शोधले, आणि नानांच्या चेहऱ्यावरून ते चुकीचे असल्याचे लगेच समजले. बोल्ट, शिम, सील, गॅस्केट हे शब्द त्यांचेच आहेत, ते बदलण्यात अर्थ नव्हता. इंचाचा हजारावा भाग त्यांच्या तोंडी 'थाऊ' असतो, म्हणून वहीतही थाऊच आला. मात्र काही कल्पना समजावून घ्याव्या लागल्या. बेअरिंगला आधीपासून दिलेला ताण म्हणजे काय हे मी तीन ओळींत लिहिले होते, नाना म्हणाले, "म्हंजी बेरिंग कसून ठेवायचं, पण फिराय पायजे. असं लिवा की." मी तसेच लिहिले, आणि कंसात माझा आकडा घातला.

त्या वहीचे मोल पहिल्यांदा कळले ते हेड काढताना. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन फार कमी येत होते, म्हणून हेड उतरवणे भाग होते. त्या दिवशी मी कॉलेजच्या परीक्षेत अडकल्याने उशिरा पोहोचलो, तोवर नानांनी आणि त्यांच्या हाताखालच्या पोराने रॉकर काढून, दिसणारे सगळे बोल्ट सोडवून एका ओळीत मांडले होते, तरी हेड हलत नव्हते. पोराने लाकडी ठोकळ्यावरून हातोड्याचे टोले दिले होते, आणि मी शेडमध्ये शिरलो तेव्हा तो पहार आणायला निघाला होता. मी वही उघडली. हेड काढण्याच्या क्रमात कार्ब्युरेटर उतरवणे ही पायरी आधीच येते, आणि तिच्यापाशी मी इशारा म्हणून चौकटीत लिहिले होते: एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, आतल्या वाटेत आहे. या इंजिनात इनलेट मॅनिफोल्ड वेगळे नसून हेडमध्येच ओतलेले असते, आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. नानांनी त्याची पेट्रोलची नळी आणि लिंकेज फक्त सुटे केले होते, कार्ब्युरेटर जागेवरच होता. तो उचलला आणि बॅटरीचा उजेड आत टाकला, तेव्हा बोटभर खोल काळ्या, चिकट, वाळलेल्या पेट्रोलच्या थराखाली बोल्टच्या डोक्याचे सहा कोपरे हळूहळू दिसू लागले. नानांनी रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने तो थर पुसला, सॉकेट बसवले आणि टॉमीवर सगळा भार टाकला. बोल्ट 'कट्' असा आवाज करून सुटला, आणि पुढच्या मिनिटाला हेड दोन माणसांच्या हातांवर सहज वर आले. पहार घातली असती तर ओतीव लोखंडाचे ते हेड कदाचित तडकले असते, आणि तसे दुसरे हेड शोधण्यात आमचे आणखी एक वर्ष गेले असते. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पोराला म्हणाले, "हितनं म्होरं आधी वही, मग पाना."

व्हॉल्व्ह घासून, सीट कापून, हेडचे फेसिंग करून आणल्यावर जोडणी सुरू झाली. मॅन्युअलमध्ये हेडच्या बोल्टसाठी ६० ते ७० फूट-पाउंड हा आकडा आहे, आमचा टॉर्क रेंच किलोग्रॅम-मीटरचा. म्हणून वहीत मी ८.३ ते ९.७ असे रूपांतर करून ठेवले होते आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला जाणारा क्रम आकृती काढून दाखवला होता. एकदम पूर्ण न कसता तीन फेऱ्यांत कसायचे, हे नानांना आधीच ठाऊक होते, फक्त शेवटी किती हे त्यांना हवे होते. व्हॉल्व्हच्या फटी लावताना मात्र आम्हा दोघांनाही शिकावे लागले. इंजिन थंड असताना इनलेटला १८ थाऊ आणि एक्झॉस्टला १६ थाऊ हे माप. इनलेट वरून रॉकरपाशी सहज लावता येतो, पण एक्झॉस्टसाठी ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढून आतल्या टॅपेटपाशी दोन पातळ पाने घालावे लागतात, एकाने टॅपेट धरायचा आणि दुसऱ्याने त्याचा स्क्रू फिरवायचा. बाजारात मिळणारे साधे पाने तिथे जाडीमुळे शिरत नाहीत; नानांनी दोन जुने पाने ग्राइंडरवर घासून पातळ केले. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पत्ती किती घट्ट लागावी याबद्दल पुस्तकात फक्त हलका अडथळा जाणवावा असे आहे. नानांनी ते मला बोटांनी शिकवले. त्यांनी माझी बोटे धरून पत्ती ओढायला लावली आणि म्हणाले, "दोन वह्यांच्या मधनं कागद वढल्यावानी लागली पायजे." वहीत आता १८ थाऊच्या शेजारी हे वाक्य आहे.

सर्वांत जास्त दिवस पुढच्या चाकांनी घेतले. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे फडफडू लागायची आणि स्टेअरिंग हातातून निसटायचे. जीपवाल्यांना हा विकार परिचयाचा आहे आणि त्यावर बहुतेक ठिकाणी टायर, अलाइनमेंट, मग टाय रॉडचे बॉल जॉइंट अशा क्रमाने पैसे खर्च केले जातात. आम्ही किंगपिनपासून, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या सांध्यापासून, सुरुवात केली. पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना चाक वळवणारा जो नकल असतो, तो वर-खाली दोन टेपर बेअरिंगवर फिरतो, आणि त्यांच्या झाकणाखाली ३, ५, १० आणि ३० थाऊ जाडीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. शिम कमी केल्या की बेअरिंग कसते, वाढवल्या की ढिले होते. मॅन्युअलप्रमाणे नकलचे तेलसील काढून, टाय रॉड सोडवून, आर्मच्या टोकाला ताणकाटा अडकवून ओढायचे, आणि नकल १२ ते १६ पाउंडांच्या, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलोच्या ओढीला वळू लागले पाहिजे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा एक किलोपर्यंतच मोजतो, म्हणून गावातल्या रद्दीवाल्याकडून त्याचा लटकता काटा एका दुपारसाठी मागून आणला. डाव्या बाजूला काटा जेमतेम दीड किलोला पोहोचला आणि नकल फिरले. आधी कोणीतरी बेअरिंग गरम होऊ नये म्हणून दोन जाड शिम जास्तीच्या घालून ठेवल्या होत्या. एक शिम काढायची, चारही बोल्ट कसायचे, ओढून पाहायचे, पुन्हा सोडायचे, असे सात वेळा करून काटा सहा किलोवर आला. उजव्या बाजूला बेअरिंगच्या वाट्यांवर खळगे पडले होते, ती बदलावी लागली. संध्याकाळी गाडी हमरस्त्यावर काढली, ५०, ५५, ६० पर्यंत नेली, आणि स्टेअरिंग शांत राहिले.

ट्रान्स्फर केसच्या वेळी मात्र मी स्वतः घाई केली. स्पायसर १८ या ट्रान्स्फर केसच्या इंटरमिजिएट शाफ्टचे नीडल बेअरिंग झिजले होते. हा शाफ्ट वेगवेगळ्या काळात ¾ इंच, १⅛ इंच आणि १¼ इंच अशा तीन जाडींत आला आणि त्यानुसार गिअर, बेअरिंग, थ्रस्ट वॉशर सगळेच बदलते. गाडीच्या कागदपत्रांवरच्या वर्षावरून मी अंदाज बांधून १⅛ चा संच मुंबईहून मागवला. शाफ्ट बाहेर आल्यावर व्हर्नियरने ३१.७५ मिलिमीटर भरला, म्हणजे १¼ इंच. जुन्या गाडीत मधल्या पन्नास-साठ वर्षांत कोणी कोणता भाग कुठून आणून बसवला याची नोंद वर्षात नसते. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर मी आमच्या गाडीचीच मोजून घेतलेली मापे लिहीत आलो आहे, आणि पार्ट मागवण्याआधी तेच पान पाहतो.

वहीची बातमी पसरल्यावर पाटणचा एक मित्र त्याची मारुती-सुझुकीची जिप्सी घेऊन आला. तिच्याही पुढच्या नकलला शिम आणि ताणकाट्याचीच पद्धत आहे, पण आकडा अगदी निराळा आणि बराच हलका. त्याने आमच्या वहीतला आकडा लावला असता तर बेअरिंग महिन्याभरात खराब झाले असते. त्याला मी सुझुकीचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवूनच यायला सांगितले आणि मग तिघांनी मिळून ते काम केले.

गेल्या डिसेंबरात आम्ही कोयनेच्या खोऱ्यातल्या एका कच्च्या वाटेने जीप नेली. जाताना मी टीएम ९-८०३ मधली एक सवय कसोशीने पाळली. त्या पुस्तकात रोजच्या देखभालीचे चार वेळांत भाग पाडले आहेत: निघण्यापूर्वी, चालत असताना, थांब्यावर आणि परत आल्यावर. थांब्यावरची यादी लहान आहे. चाकांच्या हबवर हात ठेवून उष्णता पाहणे, स्प्रिंगचे यू-बोल्ट बघणे, गाडीखाली वाकून तेल-पाणी गळते का ते पाहणे. वाटेत तासाभराने थांबलो तेव्हा मागचा डावा हब इतका तापला होता की तळहात टेकवेना, बाकीचे तीन कोमट होते. ब्रेक-शू ड्रमला घासत होता. नानांनी जॅक लावून ॲडजस्टर थोडा मागे घेतला, चाक हाताने मोकळे फिरवून पाहिले आणि आम्ही पुढे निघालो. चढ सुरू झाल्यावर फोर-व्हील आणि मग लो रेंज टाकली. डांबरी रस्ता लागताच दोन्ही काढले, कारण कठीण रस्त्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी झगडतात आणि तो ताण सगळा ट्रान्स्फर केसवर येतो. हेही वहीत आहे, मोठ्या अक्षरांत, नानांच्या पोराने स्वतःच्या हाताने लिहिलेले.

सध्या वही माझ्याकडे नाही. नानांकडे विट्याहून दुसरी थ्री-बी दुरुस्तीला आली आहे आणि त्यांनी ती वही गॅरेजमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगली आहे. परवा त्यांचा फोन आला: ट्रान्स्फर केसचे पान ग्रीसने पार काळे झाले आहे, शिमच्या ओळी वाचता येत नाहीत, आणि या गाडीचा शाफ्ट १⅛ इंची निघाला आहे. रविवारी मला ते पान पुन्हा लिहून न्यायचे आहे, या वेळी दोन्ही मापांचे वेगवेगळे रकाने करून.